चिक्कीचा पुडा आणि कणसांची पाटी

लोणावळ्याहून परतलेल्या माणसाची खूण एकच. सोमवारी सकाळी प्राध्यापक-कक्षातल्या लांब टेबलावर चिक्कीचा पुडा उघडलेला असतो आणि पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत त्यात केवळ शेंगदाण्याचा चुरा उरतो. काय पाहिले, पाऊस होता का, हे फारसे कोणी विचारीत नाही. पुडा आला म्हणजे लोणावळा झाले. असे पुडे आम्हीही पुष्कळ आणले आहेत. आम्ही म्हणजे पुण्यातील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागातली तीन माणसे: भाषाविज्ञान शिकविणारे एक, संतसाहित्य शिकविणाऱ्या एक, आणि उरलेले सर्व काही शिकविणारे एक. (मराठी विभागात असा एक प्राणी असतोच.) निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात आम्ही एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन मावळात जात असू. कागदोपत्री तिचे नाव 'अभ्यास-सहल'. त्यातला अभ्यास कार्ल्याला आणि सहल लोणावळ्याला, अशी आमची सरळ वाटणी होती. त्या वाटणीविषयीच हे लिहीत आहोत.

लोणावळ्यात पाहण्याजोगे काय, याची यादी स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला एका श्वासात म्हणून दाखवितो. भुशी धरण, लायन्स पॉइंट, टायगर पॉइंट, राजमाची पॉइंट, वळवण, मेणाचे पुतळे, नारायणी धाम, आणि शेवटी चिक्की. या यादीतील 'पॉइंट' हा शब्द आम्हांला नेहमीच विचार करायला लावीत आला आहे. पॉइंट म्हणजे जेथे उभे राहून दुसरी जागा पाहायची अशी जागा. राजमाची पॉइंटवर राजमाची नसते. ती समोर, दरीपलीकडे, ढगात असते. गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' आमच्या विद्यार्थ्यांच्या पिशवीत असे. मुंबई सोडून राजमाचीच्या रानात एकटा राहायला गेलेल्या म्हाताऱ्याची ती कादंबरी. तिच्यावर पंधरा गुणांचा प्रश्न सोडविणारी मुले कठड्याशी रांगेने उभी राहून दहा मिनिटे माची पाहत आणि मग भजी कोठे मिळतील ते विचारीत. त्यांना दोष कसा द्यावा? आम्हीही तेच विचारीत होतो. नागफणीचे 'ड्यूक्स नोज' झाले त्यालाही आता शतकाहून अधिक काळ लोटला. एका इंग्रज उमरावाचे नाक आमच्या सह्याद्रीला लागले आणि ते कोणाला खुपले नाही.

याच यादीचे एक भावंड म्हणजे पर्यटन-पुस्तिकांत हमखास आढळणारे एक विधान: लोणावळे १८७१ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी शोधून काढले. एल्फिन्स्टन नावाचे दोन गव्हर्नर मुंबईला लाभले. त्यांतील माउंटस्टुअर्ट १८५९ साली वारले, लॉर्ड जॉन १८६० साली. तेव्हा १८७१ चा शोध नेमका कोणी लावला हे भुताखेतांच्या अभ्यासकांनीच सांगावे. शिवाय खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ च्या जूनमध्येच सुरू झाला होता. म्हणजे हा 'शोध' लागण्यापूर्वी तेरा वर्षे लोणावळ्यावरून आगगाडी धावत होती. तरीही हे विधान एका पुस्तिकेतून दुसऱ्या पुस्तिकेत सुखाने उतरत राहते. पाठभेदांचा अभ्यास शिकविताना आम्हांला याहून सोपे उदाहरण कधी मिळाले नाही.

आमचा अभ्यास मळवलीला सुरू होई. पुण्याहून निघालेली लोकल देहूरोड सोडते तेव्हा डबा जरा रिकामा होतो; तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत करीत ती मावळात शिरते आणि डावीकडे लोहगड-विसापूरची जोडी दिसू लागली की उतरण्याची तयारी करायची. मावळ म्हणजे मावळतीकडचा मुलूख. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ हे त्याचे आजच्या तालुक्यातले तीन भाग. लोणावळे हे नाव 'लेणावली'वरून, म्हणजे लेण्यांच्या ओळीवरून आले असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ओळ मात्र खरी आहे. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी कोरली गेली तीच घाटमाथ्यावरच्या व्यापारी वाटांच्या सोबतीने. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाच्या परिसरातून वर चढे, आणि वर चढलेल्या माणसाला विसाव्याची जागा लागे.

कार्ल्याच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दुकाने. नारळ, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, देवीचे फोटो, प्लॅस्टिकच्या तलवारी. एकवीरा ही कोळ्यांची आणि मुंबईतल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी, त्यामुळे पालख्या, वाजंत्री, गर्दी. एकवीरेचे देऊळ चैत्यगृहाच्या तोंडाशीच आहे. भाविक डावीकडे पाहत नाहीत आणि अभ्यासक उजवीकडे. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन घाईघाईने आत शिरत असू, आणि पायऱ्यांवरची दुकाने म्हणजे अभ्यासातला अडथळा अशी आमची समजूत असे.

आत गेल्यावर मात्र आम्ही जे वाचून दाखवीत होतो ते दुकानदारांविषयीच होते! हे शैलगृह पूर्ण केले ते वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने; आणि जंबूद्वीपात याहून उत्तम नाही असेही त्याने लिहून ठेवले आहे. बढाई खरी, पण चैत्यगृह पाहिल्यावर ती माफ करावीशी वाटते. लांबी सुमारे १२४ फूट. छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षे टिकून राहिलेल्या. दाराचे काम धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे, म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे. दुसऱ्या दाराशी स्वामी नावाच्या सुताराचे नाव. खांब दिले त्यांत धेनुकाकटाचे यवन अनेक. प्रत्येकाचा मजकूर तेवढाच: गाव, नाव, खांब, दान. आमचे भाषाविज्ञानाचे सहकारी 'थंभो'चा 'खांब'शी संबंध लावून दाखवीत आणि मुले वहीत उतरून घेत. कोणा राजाने एकट्याने बांधलेली ही वास्तू नव्हे. वाटेवरच्या माणसांनी खांब-खांब वाटून घेतला आहे. याच भिंतींच्या आसपास आणखीही नावे दिसतात, बाण रुतलेल्या बदामासकट. ती वाचण्यास ब्राह्मी यावी लागत नाही. एका विद्यार्थ्याने एकदा विचारले, "सर, हाही शिलालेखच ना?" आम्ही त्याला रागावलो. खरे तर उत्तर द्यायला हवे होते की लेख आहे, फक्त त्यात 'दान' हा शब्द नाही. पण असली उत्तरे नेहमी परतीच्या गाडीत सुचतात.

दुपारी अभ्यास संपे आणि सहल सुरू होई. आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहायला घेतले तो सांगतो.

१९९८ चा जुलै, रविवार. बत्तीस विद्यार्थी आणि आम्ही तिघे भुशी धरणावर पोचलो. हे धरण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. इंजिने गेली, पाणी राहिले, आणि सांडव्याच्या पायऱ्यांवरून उतरणाऱ्या पाण्यात बसून भिजणे हा पुण्या-मुंबईच्या माणसाचा पावसाळी कुलाचार झाला. त्या दिवशीही पायरी-पायरीला माणसे होती. आमच्या शेजारच्या खडकावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा शेगडी पेटवून कणसे भाजीत होता. बांबूची पाटी बाजूला टेकविलेली. भाव विचारला. पाच रुपयांना एक. आम्ही मराठीची माणसे, शब्दांनी लढणारी; वीस घेतो म्हणून चार रुपयांवर आणले आणि ऐंशी रुपये मोजून दिले. कणसे मावळातलीच का, असेही कौतुकाने विचारले. "न्हाय, पुन्याच्या मार्केटातनं येत्यात," तो म्हणाला. म्हणजे कणीस आणि आम्ही एकाच गावचे. फक्त कणीस आमच्याआधी निघाले होते.

वर डोंगरात पाऊस वाढला असावा. आम्हांला तो दिसला नाही. पायऱ्यांवरचे पाणी घोट्यापर्यंत होते ते हळूहळू तांबूस झाले आणि मग, विद्यार्थ्यांना उठा म्हणेपर्यंत, पोटरीपर्यंत आले. मुले भराभर कडेला सरकली. आमच्यातील संतसाहित्याच्या बाई सर्वांना पुढे घालून मागे राहिल्या होत्या. त्यांचा पाय सुटला. आम्ही दोघे हातभर अंतरावर होतो आणि आम्ही दोघांनी काय केले, तर ओरडलो. त्या मुलाने शेगडी ओलांडून एक पाय खडकाच्या फटीत रोवला आणि बाईंचा दंड धरला. क्षणभर ते दोघेही जाणार असे वाटले. मग त्याने त्यांना खेचून खडकावर घेतले. त्यात त्याची टाच पाटीला लागली. पाटी उलटली, आणि हिरवी-पिवळी कणसे सांडव्यावरून एकामागून एक खाली गेली. पाटीही गेली.

बाईंच्या दंडावर त्याच्या बोटांचे वळ महिनाभर होते. त्या दिवशी कोणी काही बोलेना. थोड्या वेळाने आमच्यापैकी एकाने खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून त्याच्यापुढे धरल्या. त्याने त्या घेतल्या नाहीत. आम्हांला वाटले, संकोच असेल. तो म्हणाला, "पाटीत अठरा व्हती. त्येचं नव्वद झालं." हिशोब पाच रुपयांनी होता. आम्ही नव्वद दिले. आणि पाटीचे? "पाटी मामाची हाये. पाटीचं पैसं नकु, पाटीच घ्येऊन द्या. पैसं न्येलं तर मामा म्हनंल, इकली."

विद्यार्थ्यांना चिक्कीसाठी स्टेशनाजवळ सोडून आम्ही तिघे त्याच्यामागून बाजारात गेलो. लोणावळ्याला इतक्या वेळा येऊन आम्ही हा बाजार पाहिला नव्हता, कारण तो कोणत्याही यादीत नाही. हमरस्त्यावर, स्टेशनासमोर, एका ओळीत चिक्की, फज, जेली आणि शोभेच्या वस्तू विकणारी दुकाने आहेत. त्यांची तोंडे प्रवाशांकडे. हा बाजार पाठ फिरवून बसलेला. आवणीचे दिवस होते. वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बाया चिखलाच्या पायांनी विळ्यांची धार बोटाने तपाशीत होत्या. सुंभाची वेटोळी, मिठाच्या गोणी, घोंगड्या, कंदिलाच्या काचा. कोकणातून घाट चढून आलेले सुके बोंबील आणि सोडे, त्यांचा वास ओल्या हवेत खाली बसलेला. इरली म्हणजे काय हे आम्ही वर्गात ग्रामीण कादंबरी शिकविताना फळ्यावर चित्र काढून सांगत असू. येथे ती मोजून चार टांगलेली होती, आणि त्यांच्या खाली प्लॅस्टिकचा कागद मीटरवर विकला जात होता. गिऱ्हाईक कागदाकडे होते.

बुरुडाने पाटीचे साठ रुपये सांगितले. आमचा हात खिशाकडे गेला तो मुलाने डोळ्यांनीच अडविला. मग जे सुरू झाले ते ऐकण्यासारखे होते. त्याने पाटी गुडघ्यावर दाबून पाहिली, काठाची वीण सैल आहे म्हणाला, बांबू कोवळा आहे म्हणाला, मागल्या पावसाळ्यात मामाने नेलेली कितीला होती ते सांगितले. बुरूड म्हणाला तुझा मामा दोन रुपये अजून देणे आहे. दोघे हसले. पंचेचाळीसला पाटी ठरली आणि वर बुरुडाने काठाला एक पट्टी जास्त मारून दिली. आमच्या पैशांतले पंधरा रुपये त्याने वाचविले होते, आणि त्यात त्याचा काही फायदा नव्हता. सकाळी आम्ही ज्याला भाव करणे म्हटले ते काय होते, असा प्रश्न तेथेच पडला. आम्ही तर केवळ आकडा खाली ओढला होता. काठ दाबून पाहिला नव्हता आणि कोणाच्या मामाची विचारपूसही केली नव्हती.

पाऊस आला तेव्हा त्याने नवी पाटी डोक्यावर उपडी घातली आणि निघून गेला. नाव विचारायचे राहिले. शिलालेख वाचणाऱ्यांनी निदान तेवढे तरी विचारायला हवे होते.

परतीच्या लोकलमध्ये बाई बराच वेळ गप्प होत्या. तळेगाव गेल्यावर म्हणाल्या, "भुशीचे पाणी म्हणजे इंद्रायणी ना हो?" होय, इंद्रायणीच. तिचा उगम लोणावळ्याजवळचा, आणि ती पुढे देहूला, आळंदीला जाते. बाईंनी इंद्रायणीवर वीस वर्षे व्याख्याने दिली होती. तुकोबांच्या वह्या बुडाल्या आणि वर आल्या त्या डोहाविषयी, आणि तुकोबा मुळात दुकानदार, वाण्याचा व्यवसाय करणारे, दुष्काळात दिवाळे निघालेले, त्याविषयीही. "वह्या वर आल्या ते मी रूपक म्हणून शिकवते," त्या म्हणाल्या, आणि दंड चोळू लागल्या. आम्ही विषय बदलला.

त्या वर्षी आमच्या पिशवीत चिक्की नव्हती. विद्यार्थ्यांनी आणलेल्या पुड्यातून आम्हांला वाटा मिळाला. ती खाताना घाटाची गोष्ट निघाली. चिक्कीचे मूळ घाटातल्या मजुरांच्या गुडदाणीत आहे असे लोणावळ्यात सांगतात. गूळ आणि दाणे: स्वस्त, टिकाऊ, पोटाला आधार. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच आजाराने गेला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. पटकीने आणि तापाने मजूर हजारोंनी मेले. कंत्राटदाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या पत्नीचेही. कार्ल्याच्या सुताराचे दोन हजार वर्षांपूर्वीचे नाव आपण वाचू शकतो. बोरघाटातल्या मजुरांची नावे वाचण्याची सोय कोणी केलेली नाही. त्यांची आठवण म्हणून काही उरले असेल तर ते, सांगोवांगीवर विश्वास ठेवायचा तर, त्या पुड्यात आहे. लोणावळ्याच्या मुसळधार पावसात पिकतो तो भात, भुईमूग नव्हे. म्हणजे या गावाची म्हणून आपण घरी नेतो ती वस्तू या मातीतली नाहीच. ती वाटेवरच्यांसाठी घडलेली आणि वाटेवरच्यांनीच वाढविलेली. ही तक्रार नव्हे. धेनुकाकटाचे यवन तरी कोठे कार्ल्याच्या मातीतले होते?

पुढे २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि मुंबईचा माणूस सकाळी निघून दुपारी परतू लागला. १८३० सालचा तो पूल, ज्याला एका बामच्या जाहिरातीमुळे सारे अमृतांजन पूल म्हणत, २०२० च्या एप्रिलमध्ये, रस्ते ओस पडलेले असताना, पाडला गेला. रविवारी लोणावळ्यात इतकी वाहने येतात की गावातला माणूस शक्यतो घराबाहेर पडत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याचे चित्रण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले: एकमेकांना धरून उभी असलेली माणसे, आणि मग नुसते पाणी. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला आणि चार जण गेले. अशा वेळी पाण्यात उतरणारे कोण असतात? 'शिवदुर्ग मित्र'सारखी लोणावळ्याच्या तरुणांची तुकडी, आसपासच्या वस्तीवरची मुले. बातमीत पर्यटकांची गावे असतात. दोर धरणाऱ्यांचा उल्लेख बहुधा 'स्थानिक' एवढ्याच शब्दाने होतो. तो शब्द वाचला की बाई वर्तमानपत्र खाली ठेवतात.

११ जुलै २०२५ रोजी लोहगड जागतिक वारसा-यादीत गेला. आनंद झालाच. रिक्षावाल्याची यादी एका नावाने लांबली, हेही मनात आले.

त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही तिघे पुन्हा मळवलीला उतरलो होतो, विद्यार्थ्यांविना. गुडघ्यांमुळे लोहगड शक्य नव्हता. कार्ल्याच्या पायऱ्याही बसत-बसत चढलो, आणि बसायचे म्हटल्यावर दुकानदारांशी बोलणे आलेच. एक बांगडीवाली तिसऱ्या पिढीची निघाली. चैत्यगृहात पोचलो तेव्हा तिकीटवाला आवरण्याच्या बेतात होता. सुताराचे नाव आहे तेथे थोडे थांबलो.

संध्याकाळी मळवलीच्या फलाटावर एक आजी करवंदे घेऊन बसल्या होत्या, पळसाच्या पानांच्या द्रोणांत लावलेली. बाईंनी चार द्रोण उचलले आणि सांगितले तेवढे पैसे दिले. आजींनी नोट घेतली, बाईंकडे जरा संशयाने पाहिले आणि विचारले, "भाव न्हाय केला?" बाई गडबडल्या. मग त्यांच्याजवळच बसल्या आणि विचारू लागल्या, कोणत्या डोंगरावरची, कोण तोडून आणते, यंदा कमी का. आजी म्हणाल्या, यंदा वणव्याने जाळ्या गेल्या. बोलता बोलता त्यांनी मूठभर करवंदे आणखी द्रोणात टाकली. तेवढ्यात लोकल आली, आणि निम्मी करवंदे चढताना फलाटावर सांडली.